वीस प्रश्नांत ओळखा पाहू: ऑनलाइन ग्रुपवर पहिल्यांदा खेळणाऱ्यांसाठी

खेळ सांगायला एक वाक्य पुरतं. एकाने मनात काहीतरी धरायचं, बाकीच्यांनी ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर देता येईल असे प्रश्न विचारायचे आणि वीस प्रश्नांच्या आत ते ओळखायचं. पत्ते लागत नाहीत, पट लागत नाही, वेगळं ॲप उतरवून घ्यावं लागत नाही. ज्या ग्रुपवर तुम्ही रोज गप्पा मारता तिथेच तो खेळता येतो. ज्यांना मी कधी प्रत्यक्ष भेटलेलो नाही अशा कितीतरी मित्रांची विचार करायची रीत मला या खेळातून कळली. कोण घाई करतो, कोण शांतपणे मागची उत्तरं वाचून मगच विचारतो, हे तीन डाव झाले की दिसायला लागतं.

खेळ जुना आहे. अमेरिकेत १९४६ साली तो रेडिओवर आला आणि पुढच्याच वर्षी बीबीसीने आपला कार्यक्रम सुरू केला. तिथे सुरुवातीलाच सांगत असत, की धरलेली गोष्ट प्राणिज आहे, वनस्पतिज आहे की खनिज. घरी आणि ग्रुपवर आपण हे सांगितलं नाही तरी चालतं, पण नव्या मंडळींना एवढा आधार द्यायला हरकत नाही.

नवे खेळाडू सगळी हुशारी प्रश्नांत ओततात. बऱ्याच डावांनंतर माझं मत पक्कं झालंय, की हा खेळ उत्तर देणाऱ्याच्या जिवावर चालतो. प्रश्न कच्चे असले तर डाव हरतो, एवढंच. उत्तर चुकलं तर सगळ्यांचा डावच वाया जातो. म्हणून खाली त्याच्याविषयी जास्त लिहिलंय.

पहिली पायरी: माणसं आणि कामं

चार ते सहा जण असले की खेळ रंगतो. दोघांतही खेळता येतो, पण मग विचारणाऱ्याला एकट्यालाच डोकं चालवावं लागतं. आठ-दहाच्या वर माणसं गेली की प्रश्नांची गर्दी होते आणि निम्मे जण नुसते वाचत बसतात. तेव्हा सरळ दोन ग्रुप करा.

एक जण मनात धरणारा, बाकीचे विचारणारे. मात्र ऑनलाइन खेळताना आणखी एक काम कुणाला तरी द्याच: नोंद ठेवणं. समोरासमोर बसलं की सगळ्यांना सगळं ऐकू येतं. ग्रुपवर कुणी मध्येच येतो, कुणाचं नेट जातं, कुणी दुसऱ्याच विषयावर चार मेसेज टाकतो. नोंद ठेवणारा दर चार-पाच प्रश्नांनी एक मेसेज टाकतो: ‘आतापर्यंत ८ प्रश्न. सजीव नाही, माणसाने बनवलेली, बुटाच्या खोक्यात मावत नाही, वीज लागत नाही.’ हा मेसेज वर पिन करून ठेवला की उशिरा आलेल्याला पहिल्यापासून वाचत बसावं लागत नाही. नोंद ठेवणाऱ्याने शक्यतो प्रश्न विचारू नयेत. कारण पुढे सांगतो.

दुसरी पायरी: सुरुवातीला ठरवायच्या गोष्टी

हे पाच मिनिटांत होतं आणि नंतरची भांडणं वाचतात.

विषय किती मोकळा ठेवायचा ते ठरवा. पहिल्या दिवशी ‘हातात धरता येईल किंवा डोळ्यांनी दिसेल अशी वस्तू’ एवढंच ठेवा. प्राणीही चालतील. ‘मत्सर’, ‘लोकशाही’, ‘गुरुत्वाकर्षण’ असल्या गोष्टी पहिल्या आठवड्यात नकोत, कारण त्यांच्याबद्दल हो-नाहीत उत्तर देणं अनुभवी माणसालाही जड जातं. माणूस धरायचा असेल तर तो सर्वांना माहीत असलेला, सार्वजनिक जीवनातला हवा. ग्रुपमधल्या कुणालाही, किंवा कुणाच्या ओळखीच्या माणसाला धरू नका. प्रश्नांच्या ओघात वय, पत्ता, शाळा, नोकरी असं खासगी काही बाहेर पडतं, आणि ऑनलाइन ग्रुपात ते वाचणारे सगळेच एकमेकांना तेवढे जवळून ओळखत नसतात.

थेट अंदाज हा प्रश्न धरायचा की नाही? आम्ही धरतो. ‘घड्याळ आहे का?’ असं विचारलं की विसातला एक गेला. असं केलं नाही, तर लोक अंदाजांचा भडिमार करतात आणि विचार करणाऱ्यांना जागाच उरत नाही.

पाळी हा शेवटचा मुद्दा. लिहून खेळताना एकाच वेळी तीन प्रश्न येतात, उत्तर एक जातं आणि ते कुठल्या प्रश्नाचं हे कुणालाच कळत नाही. यावर दोन उपाय आहेत. नावांचा क्रम लावून पाळीने विचारायचं, आणि धरणाऱ्याने प्रत्येक उत्तर त्या प्रश्नाच्या मेसेजलाच रिप्लाय म्हणून द्यायचं. प्रश्नाआधी आकडाही लिहायचा. ‘७. …’ असं लिहिलं की मोजणी आपोआप होते. आवाजी कॉलवर खेळत असाल तर आवाज किंचित उशिरा पोहोचतो आणि दोघं एकदम बोलतात, त्यामुळे तिथे पाळी आणखीच गरजेची. कॉलवर खेळतानाही उत्तरं चॅटमध्ये लिहून टाका.

मित्र वेगवेगळ्या देशांत असतील, एकाची सकाळ आणि दुसऱ्याची रात्र असेल, तर संथ डाव खेळा. दिवसभरात प्रत्येकाने एक प्रश्न विचारायचा, धरणाऱ्याने सवडीने उत्तर द्यायचं. डाव तीन-चार दिवस चालतो. मला स्वतःला हा प्रकार जास्त आवडतो, कारण विचार करायला वेळ मिळतो.

तिसरी पायरी: मनात धरणं

धरलेली गोष्ट पहिल्या प्रश्नाआधी नोंद ठेवणाऱ्याला खासगी मेसेजमध्ये लिहून पाठवा. त्याने प्रश्न का विचारायचे नाहीत, ते आता लक्षात आलं असेल. यात संशयाचा भाग नाही. बाराव्या प्रश्नाला धरणाऱ्याचंच मन चळतं, ‘साधी खुर्ची धरली होती, पण आता झुलती खुर्ची म्हणू या’ असं वाटायला लागतं. लिहून पाठवलेलं असलं की हा मोह होत नाही. शिवाय एखाद्या प्रश्नावर अडलं तर सल्ला घ्यायला कुणीतरी असतं.

किती नेमकं धरलंय तेही स्वतःशी ठरवा. ‘कुत्रा’ धरलाय, की एखाद्या ठराविक जातीचा कुत्रा? ‘पूल’ म्हणजे कुठलाही पूल, की जगातला एक विशिष्ट पूल? दोन्ही चालतं, फक्त मध्येच बदलायचं नाही.

मराठीत एक खास अडचण आहे: एका शब्दाचे अनेक अर्थ. मी एकदा ‘पान’ धरलं. माझ्या डोक्यात पुस्तकाचं पान होतं. डाव संपल्यावर कळलं, की एका मैत्रिणीने सातव्या प्रश्नालाच ‘पान’ शब्द मनात आणला होता आणि झाडाचं समजून सोडून दिला होता. ‘पट्टी’ तशीच: मोजायची, जखमेला बांधायची आणि गाण्यातलीही. ‘हार’, ‘तार’, ‘नाव’, ‘कळ’ हेही त्याच जातीचे. असा शब्द धरायचा असेल तर नोंद ठेवणाऱ्याला अर्थासकट पाठवा: ‘नाव, पाण्यावर चालणारी.’

चौथी पायरी: उत्तर देणं

उत्तरं चार ठेवा: ‘हो’, ‘नाही’, ‘सहसा हो’ किंवा ‘सहसा नाही’, आणि ‘हा प्रश्न लागू होत नाही’. फक्त हो-नाही ठेवलं तर धरणाऱ्याला कधी कधी नाइलाजाने खोटं बोलावं लागतं. उलट ‘तसं म्हटलं तर हो, पण एका अर्थाने नाही’ अशी लांबण लावली की विचारणारे गोंधळतात. ‘सहसा’ हा शब्द या खेळात फार कामाचा आहे.

नकारार्थी प्रश्नांपासून सांभाळा. ‘सजीव नाही ना?’ असं कुणी विचारलं आणि तुम्ही ‘हो’ लिहिलंत, तर त्याचा अर्थ काय लागला? ‘हो, सजीव आहे’ की ‘हो, बरोबर, सजीव नाही’? बोलताना सुरावरून कळतं, लिहिलेल्या ‘हो’ला सूर नसतो. म्हणून विचारणाऱ्याने नेहमी होकारार्थी विचारावं, आणि धरणाऱ्याने सवयच लावून घ्यावी, की नुसतं ‘हो’ न लिहिता अर्धं वाक्य लिहायचं: ‘नाही, सजीव नाही.’ दोन शब्द जास्त टाइप करावे लागतात, पण अख्खा डाव वाचतो.

दुसरी गोष्ट याहून बारीक आहे. आपली भाषा प्रत्येक नामाला लिंग देते. तुम्ही ‘हो, ती जड असते’ असं लिहिलंत की तुम्ही नकळत एक फुकटचा प्रश्न देऊन टाकलात, कारण सगळे पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी शब्द बाद झाले. चाणाक्ष खेळाडू हे लगेच टिपतात. म्हणून आमच्या ग्रुपात धरलेल्या गोष्टीला कायम ‘वस्तू’ किंवा ‘गोष्ट’ म्हणतात. मग क्रियापद त्या शब्दाप्रमाणे स्त्रीलिंगी चालतं आणि खरं लिंग झाकलेलं राहतं. माणूस असेल तर ‘ही व्यक्ती’. सुरुवातीला जीभ अडखळते, दोन डावांत सवय होते.

आणि उत्तर चुकलं तर? चुकणारच. ज्या क्षणी लक्षात येईल त्या क्षणी सांगा: ‘प्रश्न ६ चं उत्तर मी चुकीचं दिलं, ते नाही असं हवं होतं.’ जुना मेसेज गुपचूप एडिट करू नका, नवा लिहा, कारण वर जाऊन पुन्हा कुणी वाचत नाही. त्या उत्तरामुळे वाया गेलेले प्रश्न परत द्या. लाजेपायी गप्प राहिलात तर पुढचा प्रत्येक प्रश्न चुकीच्या वाटेवरचा ठरतो आणि तुम्हाला ते हताशपणे बघत बसावं लागतं.

एका चुकीच्या उत्तराची किंमत किती, हे गणितज्ञांनी मोजलेलं आहे. हंगेरीचे आल्फ्रेड रेनी आणि पोलंडमधून अमेरिकेत गेलेले स्टॅनिस्लॉ उलाम या दोघांनी स्वतंत्रपणे हा प्रश्न मांडला. हंगेरीत हा खेळ ‘बार कोखबा’ या नावाने लोकप्रिय आहे. एक ते दहा लाखांमधली एखादी संख्या ओळखायची तर खऱ्या उत्तरांवर २० प्रश्न पुरतात. उत्तर देणारा जास्तीत जास्त एकदा खोटं बोलू शकतो असं धरलं, तर २५ लागतात. म्हणजे एका संशयाची किंमत पाच प्रश्न, आणि तीही खोटं असू शकतं हे आधीच माहीत असताना.

पाचवी पायरी: विचारणं

वीसच प्रश्न का पुरतात? प्रत्येक प्रश्नाने शक्यता निम्म्या झाल्या, तर १० प्रश्नांत १,०२४ गोष्टींमधून एक निवडता येते आणि २० प्रश्नांत १०,४८,५७६ गोष्टींमधून. हो-नाहीच्या अशा एका उत्तरात जेवढी माहिती मावते तिला ‘बिट’ म्हणतात. अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांच्या १९४८ च्या प्रसिद्ध लेखातून हा शब्द रूढ झाला, आणि तो संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांनी सुचवला असं शॅनन यांनी तिथेच नोंदवलं. आपल्या हातात वीस बिट आहेत. त्यांतला एकही उधळायचा नाही.

आधी आकड्यांवर हात बसवा. एकाने १ ते १०० मधली संख्या धरायची. ‘५० पेक्षा मोठी आहे का?’ इथून सुरुवात करून दर वेळी मधोमध कापत गेलं, की जास्तीत जास्त सात प्रश्नांत संख्या सापडते. हा डाव दोन मिनिटांचा आहे, पण नव्या माणसाला निम्मं करणं म्हणजे काय ते बोटांना कळतं. वस्तूंना असा मध्य नसतो, तो तुम्हाला शोधावा लागतो. प्रश्न चांगला आहे की नाही, याची माझी एकच कसोटी आहे: उत्तर ‘हो’ आलं काय आणि ‘नाही’ आलं काय, दोन्हींनी मला जवळपास सारखीच मदत होईल का? ‘हत्ती आहे का?’ या प्रश्नाला नव्याण्णव वेळा ‘नाही’ येणार आणि त्यातून कळणार एवढंच, की हत्ती नाही.

एक डाव दाखवतो. धरलेला शब्द होता ‘शिडी’.

१. हात लावता येईल अशी वस्तू आहे का? — हो, हात लावता येतो.
२. सजीव आहे का, किंवा कधी होती का? — नाही. वस्तू स्वतः सजीव नाही; कशापासून बनते ते वेगळं विचारा.
३. माणसाने बनवलेली आहे का? — हो.
४. बुटाच्या खोक्यात मावेल का? — नाही, सहसा मावणार नाही.
५. वीज किंवा इंधन लागतं का? — नाही, लागत नाही.
६. एका माणसाला उचलता येते का? — सहसा हो.
७. घरात वापरतात का? — हो, आणि बाहेरही.
८. अंगावर घालतात का? — नाही.
९. वापरताना त्या वस्तूवर शरीराचा भार टाकतात का? — हो, टाकतात.
१०. बसायला किंवा झोपायला आहे का? — नाही.
११. चाकं असतात का? — नाही, नसतात.
१२. उंचावर पोहोचण्यासाठी वापरतात का? — हो.
१३. शिडी आहे का? — हो!

दुसरं उत्तर पुन्हा वाचा. शिडी लाकडाची असू शकते आणि लाकूड झाडाचं, म्हणजे एके काळी सजीव. धरणाऱ्याने नुसतं ‘हो’ लिहिलं असतं तर सगळे प्राणी-वनस्पतींच्या मागे लागले असते. त्याने प्रश्न दोन भागांत तोडला. धरणाऱ्याकडून मला अपेक्षा असते ती हीच. सातवा प्रश्न वाया गेला: अगणित वस्तू घरातही वापरतात आणि बाहेरही. आठवा घाईतला होता. डाव फिरला तो नवव्या प्रश्नाला. तोवर सगळे वस्तू कशी आहे ते विचारत होते: केवढी, कशाची, कुठली. नवव्याने विचारलं, की माणूस त्या वस्तूचं काय करतो. मोठ्या, बिनविजेच्या वस्तू शेकडो आहेत, पण त्यांतल्या ज्यांच्यावर आपण अंग टाकतो अशा मोजक्याच. अडकलात की रूपाचे प्रश्न सोडून वापराचे विचारा: कुणाच्या हातात असते, कधी लागते, नसली तर काय अडतं.

मापासाठी नेहमी ओळखीची वस्तू घ्या. ‘मोठी आहे का?’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘दारातून आत नेता येईल का?’ याला आहे. तसंच ‘महाग’, ‘सुंदर’, ‘उपयोगी’ हे शब्द टाळा, कारण त्यांची उत्तरं वस्तूपेक्षा धरणाऱ्याच्या मताबद्दल जास्त सांगतात. आणि एका प्रश्नात दोन प्रश्न ‘आणि’ने जोडू नका. ‘लाल आणि गोल आहे का?’ याचं उत्तर ‘नाही’ आलं, की लाल नाही, गोल नाही की दोन्ही नाही, हे कळतच नाही. ‘किंवा’ मात्र चालतो. वरच्या डावात पाचव्या आणि दहाव्या प्रश्नांत तो मुद्दाम वापरलाय.

पंधराव्या प्रश्नापर्यंत काहीच हाती लागलं नाही तर नोंद ठेवणाऱ्याचा पिन केलेला मेसेज सगळ्यांनी मिळून वाचा. बहुतेक वेळा कुठल्यातरी ‘सहसा’ला कुणीतरी ‘नेहमी’ समजून बसलेलं असतं. शेवटचे दोन प्रश्न थेट अंदाजासाठी राखून ठेवा. अंदाज करताना आपसांत बोललेलं चालतं, नेटवर शोधलेलं नाही. धरणाऱ्याने मात्र एखादी बाब माहीत नसेल तर जरूर शोधावी, आणि ‘दोन मिनिटं थांबा, बघून सांगतो’ असं मोकळेपणाने लिहावं.

हात बसल्यावर

महिनाभर खेळून झाल्यावर एक निराळा डाव करून बघा. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ जॉन व्हीलर यांनी तो सांगितलेला आहे. ते ओळखणारे म्हणून खोलीबाहेर गेले असताना मित्रांनी कुठलाच शब्द न धरण्याचं ठरवलं. अट एकच होती: प्रत्येकाने उत्तर देताना मनात अशी एखादी गोष्ट हवी, जी आधीच्या सगळ्या उत्तरांत बसते. उत्तरं यायला दर वेळी जास्त जास्त वेळ लागू लागला, आणि शेवटी व्हीलर यांनी ‘ढग’ म्हटलं तेव्हा सगळे हसले. कारण ढग कुणीच धरला नव्हता, तो प्रश्नोत्तरांतून तयार झाला होता. ग्रुपवर हे छान जमतं, कारण आधीची उत्तरं समोर लिहिलेली असतात आणि त्यांच्याशी जुळवून घेणं सोपं जातं. फक्त डाव संपल्यावर ओळखणाऱ्याला लगेच खरं सांगा.

साधा डाव संपल्यावरही दोन मिनिटं थांबा. वर स्क्रोल करून पहिल्या प्रश्नापासून सगळ्यांनी एकत्र वाचा. कुठल्या प्रश्नाला वाट सापडली, कुठे सुटली, धरणाऱ्याला कुठल्या उत्तराशी झगडावं लागलं, हे तेव्हाच बोलून घ्या. समोरासमोरच्या खेळात हे हवेत विरून जातं, इथे ते शब्द न् शब्द जपलेलं असतं. मग ज्याने ओळखलं तो पुढचा धरणारा. नोंद ठेवणाऱ्याला खासगी मेसेज गेला, त्याने ‘मिळालं’ म्हटलं, धरणाऱ्याने ग्रुपवर ‘धरलं’ असं लिहिलं, की पुढच्याने ‘१.’ टाइप करायला हरकत नाही.